उघडू का?

बेंगळूरात, गाव आणि कँटोनमेंट दोन्ही धरून, आमच्या घड्याळवाल्या अण्णांइतका विचारणारा माणूस झाला नाही. विचारणारा म्हणजे विचारवंत नव्हे; प्रश्न विचारणारा. चिकपेटेतल्या एका बोळात, माझ्या वडिलांच्या शिवणाच्या दुकानाला लागून, दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं उभं राहावं एवढं त्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ पुढ्यात ठेवी. अण्णा डोळ्यावरचं भिंग कपाळावर सारीत आणि विचारीत, "उघडू का?" आता बंद घड्याळ माणूस घड्याळजीकडे आणतो ते काय ओवाळून घ्यायला? पण गिऱ्हाइकानं तोंडानं 'उघडा' म्हटल्याशिवाय अण्णांची सुरी झाकणाला लागत नसे. उघडल्यावर पुन्हा, "चाकं बाहेर काढू का?" कँटोनमेंटातल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी या प्रश्नावर नुसते खांदे उडवले आणि ते निघून गेले. चार दिवसांनी आले तो घड्याळ होतं तसंच, काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलेलं. गृहस्थ संतापले. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुम्ही खांदे उडवलेत. खांद्यांची भाषा मला येत नाही. मराठी येते, कन्नड येते, कामापुरती तमिळ येते."

हे दुकानातलं झालं. खरा कहर त्यांनी केला तो पंगतीत. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी लोक. घरात निम्मं कन्नड बोलतो, पण आग्रह मात्र अस्सल करतो. पानावर हात आडवा धरून 'स्वल्प, स्वल्प', म्हणजे थोडं, थोडं, असं ओरडायचं आणि वाढणाऱ्यानं बोटांच्या फटींतून पानात लोटायचं, ही रीत. एका लग्नात माणसं कमी पडली म्हणून अण्णांच्या हाती चिरोट्यांची परात दिली. पहिला पाहुणा 'नको' म्हणाला; अण्णा पुढे गेले. दुसरा 'नको' म्हणाला. अण्णा पुढे गेले. अशी ती परात सबंध मांडव फिरून भरलेली परत आली आणि मुलाकडची मंडळी चिरोट्यावाचून उठली. मुलीची आई रडायची तेवढी बाकी होती.

"अहो अण्णा, एकालाही वाढलं नाहीत?"

"नको म्हणाले."

"पंगतीत नको म्हणजे वाढा!"

"मग वाढा म्हणजे काय?"

बाईंनी परात त्यांच्या हातून काढून घेतली. तेव्हापासून अण्णांना पंगतीत फक्त पाण्याचा तांब्या देत. त्यातही 'घालू का?' विचारून ते एकेका पेल्यापाशी इतके थांबत, की ठसका लागलेला माणूस सरळ शेजाऱ्याचा पेला उचली.

घरी तरी वेगळं असेल म्हणावं, तर स्वतःच्या स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभे राहून बोटानं टकटक करीत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणत, "या की. घर तुमचंच आहे."

"घर माझं आहे ते मला माहीत आहे. आत येऊ का?"

"या."

मगच पाऊल आत. आम्ही मुली हे बघून पदर तोंडात धरून हसायचो. अक्का त्यावर कधी हसल्याचं मात्र मला आठवत नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गावात तो खटला झाला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं मीच पहिलं माणूस. हे मी फार वेळा सांगते असं लोक म्हणतात. सांगते. माझ्या वडिलांनी दुसऱ्यांच्या मुलांचे कोट शिवून मला शिकवलं, मी का सांगू नये? तर खटला एका टायपिस्ट मुलीचा. ऑफिस सुटल्यावर मालकानं 'घरी सोडतो' म्हणून तिला गाडीत घेतलं आणि गाडी तिच्या घरी न जाता त्याच्या बंगल्यावर गेली. तिनं फिर्याद केली. कोर्टानं मालकाला सोडून दिलं. ती गाडीत आपण होऊन बसली, अंगावर ओरखडा नाही, बांगडी फुटली नाही, शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याला ओरडणं ऐकू आलं नाही. तेव्हा तिची संमती नव्हती असं म्हणता येत नाही. मग दोन महिने कन्नड पेपरांत पत्रं, इंग्रजी पेपरांत पत्रं, कॉलेजात वादविवाद. मराठी पेपर पोस्टानं दोन दिवस शिळे येत, त्यांतही चार ओळी आल्या. पेपरात 'अतिप्रसंग' असा शब्द असे. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात तोसुद्धा कुणी तोंडातून काढत नसे. 'ते प्रकरण' म्हणत, आणि रविवारी सकाळी दुसरं काही बोलत नसत.

बोलणाऱ्यांत पुढे शिरस्तेदार. कोर्टातल्या नोकरीची पेन्शन घेत होते आणि वाचनालयातल्या खुर्चीवरून रोज निकाल देत होते.

"झालं ते न्यायानं झालं," ते म्हणाले. "बाई आपण होऊन गाडीत बसते, म्हणजे माणसानं काय समजायचं?"

"गाडीत बसायला हो म्हणाली, असं समजायचं," अण्णा म्हणाले. ते कोपऱ्यात शिरस्तेदारांच्याच घड्याळाला नवा पट्टा बसवत होते. लोकांची किरकोळ कामं ते रविवारी तिथंच करून देत.

"अण्णा, तुम्हांला कायद्यातलं कळत नाही."

"नाही कळत. हे घड्याळ तुम्ही मला कशाला दिलंत?"

"पट्टा बदलायला."

अण्णांनी खिशातून सुरी काढली आणि तिचं टोक झाकणाच्या खाचेत घातलं. शिरस्तेदार खुर्चीवरून निम्मे उठले. "अहो! अहो, काय करताय? उघडायला कुणी सांगितलं?"

"आपण होऊन दिलंत ना?"

"घड्याळ आणि बाई एक आहे का हो?"

"छे! घड्याळाला काही वाटत नाही. तरी मी विचारतो." सुरी परत खिशात गेली.

लोक हसले, आणि तेवढ्यात मी बोलले. मी कपाटापाशी पुस्तक शोधत उभी होते, आणि त्या वयात मला सगळंच कळत होतं. "पण अण्णा, तिनं ओरडायला काय हरकत होती? मी असते तर सारी गल्ली गोळा केली असती!"

शिरस्तेदारांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात शिकलेली मुलगी."

मला त्या वेळी फार बरं वाटलं. आता आठवलं की वाटत नाही.

अण्णांनी भिंग कपाळावर सारलं. "तू कधी ओरडली आहेस का ग?"

"माझ्यावर वेळ आली नाही."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ते म्हणाले आणि पट्ट्याला भोक पाडू लागले.

वेळ पुढच्या वर्षी आली, बेंगळूरजवळच्या येलहंक्याहून, स्थळ होऊन. मुलगा सरकारी कचेरीत, घर स्वतःचं, आणि अट एकच: लग्न परीक्षेच्या आधी. शिकलेली सून चालेल, पण आता पदवी कशाला? परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी अप्पांना, माझ्या वडिलांना, तीन वेळा 'नको' म्हटलं. पहिल्यांदा ते आईला म्हणाले, लाजतेय. दुसऱ्यांदा म्हणाले, सगळ्याच मुली आधी असं म्हणतात. तिसऱ्यांदा नुसती कात्री चालवत राहिले. अप्पा दुष्ट नव्हते. त्यांना माझं 'नको' पंगतीतलं वाटत होतं.

साखरपुड्यात मुलाला द्यायचं घड्याळ अण्णांकडून यायचं होतं, म्हणून ते स्वतःच डबी घेऊन आले आणि भिंतीला टेकून बसले. घर माणसांनी भरलेलं. मी पाटावर. मुलाचे काका म्हणाले, "मुलीचं काय म्हणणं आहे तेही विचारून घेऊ या," आणि उत्तराची वाट न बघता सुपारी कातरू लागले; तसं विचारायची रीतच असते. आणि सारी गल्ली गोळा करणारी मी! ओरडणं सोडाच, श्वास कुठून घ्यायचा तेही सुचत नव्हतं. समोर येलहंक्याची वीस माणसं, मागून आईनं खांद्यावर ठेवलेला हात, आणि डोक्यात एकच: आता बोलले तर अप्पांची मान खाली जाईल. ती टायपिस्ट मुलगी मी कधी पाहिलेली नव्हती. त्या पाटावर मला ती दिसली.

"गप्प आहे. झालं तर!" काका म्हणाले. "अण्णा, आणा घड्याळ."

अण्णा उठले नाहीत. "ती बोलली नाही."

"मुली कुठे बोलतात हो? गप्प म्हणजे हो."

"गप्प म्हणजे गप्प," अण्णा म्हणाले. "हो निराळं, नको निराळं, गप्प निराळं. तीन काटे आहेत. एकाचं काम दुसरा करत नाही." मग माझ्याकडे वळून, गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "देऊ का ग घड्याळ?"

आणि ते थांबले. काका खाकरले. अप्पा म्हणाले, "अण्णा, पुरे आता." कुणी तरी पानाचं तबक इकडचं तिकडे सरकवलं. अण्णा, खांद्यांची भाषा न येणाऱ्या त्या चेहऱ्यानं, माझ्याकडे बघत राहिले. मग मला माझा आवाज ऐकू आला, फार बारीक.

"नको."

"नको म्हणाली," अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, डबी कोटाच्या खिशात घातली, चिरोट्यांची परात पुढे नेली होती तितक्याच सहज, आणि चपला घालून ते निघून गेले.

पुढे घरात काय झालं ते लिहीत नाही. अप्पा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. अण्णांशी तर बोलणं बंदच झालं, दोन दुकानांत भिंत एकच असून. परीक्षा मात्र मी दिली.

परीक्षा संपल्यावर मी अण्णांच्या घरी आभार मानायला गेले. "आभार कसले? माझं घड्याळ, मी परत आणलं," असं म्हणून ते दुकानात निघून गेले. अक्का चिंच फोडत बसल्या होत्या, मीही बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अक्का, नशीबवान आहात. इतकं विचारणारा नवरा कुणाला मिळतो?"

"आधी नव्हते विचारत," अक्का म्हणाल्या.

त्यांनी चार-पाच चिंचोके बाजूला टाकले. "नव्या लग्नात मी नको म्हणायची. एकदा नाही, खूपदा. पुढे कित्येक वर्षांनी एकदा जेवता जेवता यांनी विचारलं, 'तेव्हा तू नको म्हणायचीस, ते खरंच नको असायचं का?' मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय! पानावरून उठले. म्हणाले, मला ऐकू येत होतं ग. मी ऐकलं नाही. हात धुऊन आले ते त्या चौकटीशी थांबले. तेव्हापासून थांबतात."

"तुम्ही कधी 'येऊ नका' म्हटलंत?"

"म्हटलं की. पहिले सहा महिने रोज." आणि अक्का हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मी बी.ए. झाले. जयनगर तेव्हा नवंनवं वसत होतं, तिथल्या एका शाळेत नोकरीही लागली. पेढे खायला अण्णा आमच्या घरी आले. अप्पा पेपर तोंडापुढे धरून बसले. अबोला चालूच होता. अण्णांनी कॉफी घेता घेता खिशातून तीच डबी काढली. "हे घड्याळ तुला देऊ का?"

आता मोठ्या माणसानं काही देऊ केलं की आपण काय म्हणतो? मी म्हटलं, "छे छे, नको हो अण्णा, कशाला!"

"सरी," अण्णा म्हणाले. डबी खिशात गेली. कॉफी संपवून ते उठले आणि जिना उतरू लागले.

अप्पांच्या हातातला पेपर खाली आला. "अग, बघतेस काय? पळ! तो माणूस खरंच घेऊन जाईल!"

मी अनवाणी पळाले. अण्णा बोळाच्या टोकाला पोचले होते. "अण्णा!" मी ओरडले. "हवंय! मला हवंय ते!" दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या, दुकानांतली माणसं बाहेर आली. सारी गल्ली गोळा झाली.

त्या टायपिस्ट मुलीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. गाव सोडून गेली म्हणतात. ओरडलीस का, असं तिला वकिलांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं, वाचनालयात उभी राहून मीही विचारलं. याच्यापलीकडे कुणी काही विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. घड्याळ पुरुषी होतं, माझ्या मनगटावर सैल फिरायचं; तरी रोज बांधत होते. परवा ते बंद पडलं. चिकपेटेत आता कोण आहे, म्हणून जयनगरातल्याच एका दुकानात नेलं. तिथल्या तरुणानं ते हातात घेतलं, उलटं केलं आणि अवाक्षर न बोलता फट्‌दिशी झाकण उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "विचारलंत का?"

"काय विचारायचं, मॅडम?"

त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी झाकण लावून घेतलं आणि घड्याळ परत आणलं. आता बंदच बांधते. किती वाजले ते हवं असलं, की कुणाला तरी विचारते.