तोंडात धरायचा दोरा

शिवणक्लासात चिंध्या आणि गोष्टी कोणी मुद्दाम साठवत नाही, त्या आपोआप साठतात. चिंध्या मी उशांमध्ये भरते. गोष्टींचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून तुमच्यापुढे ओतते. हसण्यासारखं आहे तोवर हसून घ्या.

आमचा क्लास नंदुरबारजवळच्या धानोऱ्यात, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. दुपारची भांडी आटोपली की बायका येतात. त्यात सगळ्यांत मोठ्या पुष्पाकाकू. त्यांना शिवण येतं माझ्यापेक्षा जास्त, पण घरी सुनेशी पटत नाही म्हणून क्लासला येतात. दुसरी कविता. एम.ए. करतेय आणि मोबाईलवर देशोदेशीच्या लोककथा वाचते. कापड, दोरा, माग असलं काही सापडलं की आम्हाला वाचून दाखवते. तिसरी सुरेखा. तिचा नवरा रवींद्र सुरतला लूमवर कामाला असतो. सुरेखा कमी बोलते, पण फोन वाजला की तिचा पाय पायडलवरून आधी निघतो.

*

पहिली गोष्ट होती जपानची. एका गरिबाच्या घरी एक बाई येते, त्याची बायको होते आणि दार बंद करून सुंदर कापड विणते. अट एकच, आत बघायचं नाही. नवरा फटीतून बघतोच. आत एक सारस पक्षीण बसलेली असते आणि स्वतःची पिसं उपटून मागावर लावत असते! गुपित फुटल्यावर ती उडून जाते, ती कायमची.

पुष्पाकाकू म्हणाल्या, "तिनी त्यानाकरता पिसं उपटात, आनि हाऊ डोकाई ऱ्हायना. नवरा कोन्ताबी देशना ऱ्हाओ, सारखाच."

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी काकूंच्या मशीनचा दोरा सारखा तुटायला लागला. मी खालच्या दोऱ्याची बॉबिन केस काढून बघितली, तर आत बॉबिनवर एक लांब पांढरं पीस गुंडाळलेलं. अडकलेलं नव्हतं हो, दोऱ्यासारखं नीट गुंडाळलेलं! मी म्हटलं, शेतात बगळे असतात, वाऱ्यानं आलं असेल.

तेव्हापासून मापाच्या पडद्याआड कोणी असलं की काकू आधी खोकतात, मगच तिकडे जातात.

*

मग डेन्मार्कची. भावांचे शापानं हंस झालेले. बहिणीनं झाडपाल्याच्या धाग्याचे सदरे शिवायचे आणि शिवून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ते झाडही कसलं, तर हाताला लागलं की आग होणारं.

"म्हंजे खाजखुजलीना शर्ट?" काकूंनी विचारलं. "माणूस व्हयना तरी खाजाडी खाजाडी मरी जाई."

तर शेवटच्या सदऱ्याची एक बाही राहून जाते आणि धाकट्या भावाच्या एका हाताच्या जागी जन्मभर पंख राहतो.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या एक वहिनी ब्लाउज न्यायला आल्या. नवापूरला लग्न, गाडी दारात उभी. मी म्हटलं, "वहिनी, डावी बाही नुसत्या कच्च्या टाक्यावर आहे, थोडं थांबा." त्या म्हणाल्या, "पदरखाले कोन देखस?" आणि गेल्या.

लग्न आटोपून आल्या त्या हात गळ्यात बांधून. मांडवात पाय घसरला आणि हात मोडला. ब्लाउज माझ्यासमोर टाकून म्हणाल्या, "बाई, आते एकच बाही पुरी शे."

सगळ्या खो खो हसल्या. कविता तेवढी हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "वहिनी, हात कोणता?"

डावा होता.

*

यानंतर मी कविताला सांगितलं की आता दुसरं काहीतरी वाच, रेसिपी वाच. पण गोष्टीची चटक काकूंनाच जास्त लागलेली. त्यांनी तिला पुन्हा बसवलं.

आपल्याकडे अंगावरचा कपडा अंगावरच शिवायचा असेल तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं तोंडात दोरा धरायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत. का धरायचा, ते कोणी कधी विचारलं नाही. कविताला वाचताना सापडलं की रशियाकडेही अगदी हेच करतात, आणि तिकडे कारणही सांगतात. अंगावर कापड शिवतात ते मेलेल्या माणसाच्या. म्हणून जिवंत माणसानं दोरा चावत राहायचा, म्हणजे मरणाला कळतं की हा अजून खातोपितो आहे, याला न्यायचं नाही.

सुरेखाची मशीन थांबली.

आदल्या आठवड्यात सुट्टी संपवून परत जाताना, नंदुरबारहून सकाळची गाडी पकडायची म्हणून रवींद्र धावतपळत निघाला होता. शर्टाचं बटण तुटलं. हिनं दारातच, उभ्या उभ्या, त्याच्या अंगावर लावून दिलं. शिवणारी बाई, रोज हेच काम करते, आणि त्या गडबडीत नेमकं हेच विसरली.

"मी त्यास्ना तोंडमा दोराच नही दिन्हा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रवींद्रचा फोन बंद होता. काम नवीन ठिकाणी, तिथं आपल्याकडचं ओळखीचं कोणी नाही. आम्ही तिला समजावलं की चार्जर बिघडला असेल, फोन पडला असेल. मी मोठ्या आवाजात समजावत होते, कारण मलाच भीती वाटत होती.

*

घानाची गोष्ट कवितानं त्याआधीच आम्हाला वाचून दाखवली होती. तिकडचे विणकर म्हणतात की विणायला आम्हाला भिंतीवरच्या कोळ्यानं शिकवलं. गोड गोष्ट आहे, एरवी मलाही आवडली असती.

सुरेखाला काळजीनं ताप भरला आणि ती चार दिवस क्लासला आली नाही. परत आली तेव्हा तिच्या मशीनवर कोळ्यानं जाळं विणलेलं. बाकीच्या मशीन स्वच्छ. मी केरसुणी उचलली, तर काकूंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. कोनंतरी काम पुरं करी ऱ्हायनं."

मी केरसुणी ठेवून दिली. सुरेखा मुकाट्यानं दुसऱ्या मशीनवर बसली आणि साडीला फॉल लावत राहिली. ती त्या सगळ्या दुपारी एक अक्षर बोलली नाही. मी अगदी समोर बसले होते, ती जागची हललीसुद्धा नाही.

संध्याकाळी मोबाईलवर मेसेज फिरला. सुरतला दुपारी एका लूमच्या शेडचं छत कोसळलं, एक कामगार जागीच गेला. मेसेजमध्ये शेडचं नाव होतं. तीच होती, रवींद्रची.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही क्लासला जमलो, पण शिवायला नाही. सुरेखाचा दीर सुरतला निघाला होता आणि तिला घरी एकटं बसवत नव्हतं म्हणून काकू तिला इकडे घेऊन आल्या होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती.

दुपारी दारात सावली पडली. रवींद्र! दाढी वाढलेली, पायात एकच चप्पल. सुरेखा उठून त्याच्याकडे गेली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे, दंड, छाती चाचपत राहिली. काकू रडायला लागल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पाणी प्याल्यावर तो बोलता झाला. फोन जाताना गाडीतच चोरीला गेला होता आणि नंबर एकही पाठ नव्हता. आजकाल कोणाला असतो? मग त्यानं सुरेखाकडे बघितलं.

"काल तू कोठे निंघी गयी?" त्यानं विचारलं.

आम्हाला काही कळेना. तो सांगत गेला. काल दुपारी पाळीवर निघायला तो शेडशेजारच्या खोलीत शर्ट घालत होता, बटण पुन्हा निघालं. तेवढ्यात सुरेखा आली, फोन लागत नाही म्हणून शोधत आली असं त्याला वाटलं. काही बोलली नाही. त्याच्या तोंडात दोरा दिला आणि अंगावरच बटण शिवायला लागली. खालून मुकादम हाका मारत होता, "रवींद्र, ए रवींद्र!" पण दोरा सोडायला गेला की ही त्याच्या ओठांवर बोट ठेवायची. त्याला ओ देता आली नाही. खोलीत कोणी नाही असं समजून मुकादमानं शेजारच्या खोलीतल्या ओडिशाच्या माणसाला त्याच्या लूमवर नेलं.

"बटन लावाई गयं, मी खाले पाहं, वर पाहं तं तू नही. तव्हढामा धडाम आवाज उना."

"मी ते आठेच व्हतू," सुरेखा म्हणाली.

"तूच व्हती. मी तुले वळखाव नही का?"

त्यानं आमच्याकडे बघितलं. ती इथंच होती, माझ्यासमोर, हे मला सांगायचं होतं. काकूंनी पदर तोंडात धरलेला. कविता मोबाईल पालथा ठेवून बसली होती.

सुरेखानं त्याच्या शर्टाकडे बघितलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "त्या ओडिशाना माणूसले बायको शे का?"

रवींद्रनं मान खाली घातली.

"शे. गावले. फोननी वाट देखी ऱ्हायनी व्हई."