अँबेसडर का तापायची

तिसऱ्यांदा गाडी तापली ती दैठण्याच्या अलीकडे. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. आदिनाथने इंजिन बंद करून गाडी बाभळीच्या सावलीला लोटत नेली. शेजारी बसलेले व्यंकटीमामा खाली उतरले. रेडिएटरच्या झाकणाला त्यांनी हात लावला नाही. फडके हातात धरून ते वाफ ओसरायची वाट पाहत उभे राहिले.

"किती झाले?" त्यांनी विचारले.

"सतरा किलोमीटर," आदिनाथ म्हणाला. "मामा, आता बास झालं. परभनीत एक जुनं डिझेल इंजिन बघून ठिवलंय. शनवारी हे काढायचं अन् ते बसवायचं."

"मागच्या बारीला सोळाला तापली होती."

"मग?"

"मग काय, एक किलोमीटर सुधारली की."

आदिनाथला हसू आले नाही. त्या दिवशी सोमवार होता.

गाडी आदिनाथच्या वडिलांची, सहासष्ट सालची पांढरी अँबेसडर. गावात जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीच्या काठी, गंगाखेडजवळच्या त्यांच्या मळ्यात गोठ्याच्या एका खणात ती पन्नास वर्षे उभी होती. वडील गेल्यावर आदिनाथने ती बाहेर काढली आणि गावात सगळेच ज्यांना मामा म्हणतात त्या व्यंकटीमामांना बोलावले. मामांनी पाच महिने खपून इंजिन नव्याने बांधले. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वाल, सगळे मापून बसवले. एक बेअरिंग केसभर घट्ट वाटले म्हणून चार वेळा काढून घातले. शनिवारी ते सगळे भंगारात जाणार होते. त्याचे दुःख होतेच. पण गाडी का तापते हे न कळताच इंजिन जाईल, हे मामांना जास्त टोचत होते.

मामांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. सोळाव्या वर्षी व्यंकटीने कोयता ठेवला आणि साखर कारखान्यात बॉयलरला भुसा ढकलायचे काम धरले. निवृत्त झाले तेव्हा ते फिटर होते. छत्तीस हंगाम त्यांनी आग आणि पाणी यांच्यामधले लोखंड सांभाळले. तिथे अंगी लागलेली एक सवय सुटली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन वाल एकदम फिरवले तर काम कोणत्या वालने केले ते कळत नाही.

गंगाखेडात मात्र प्रत्येकाजवळ उपाय तयार होता. रेडिएटरवाला नागेश म्हणाला, "मामा, थर्मोस्टेट काढून फेका. आमी सगळ्यांचं काढतो."

"काढल्यावर पाणी कुठून फिरतं, बघितलंस का कधी?"

"पाणी फिरतंय न्हवं? मग झालं की!"

"लय हुशार हायस," मामा म्हणाले आणि थर्मोस्टेट, म्हणजे तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, पातेल्यात उकळत्या पाण्यात धरून पाहिले. ते उघडत होते. त्यांनी ते परत जागेवर बसवले. रेडिएटर उभा धरून वरून बादलीभर पाणी ओतले, ते न अडखळता खाली आले. पंख्याचा पट्टा ताठ होता. झाकण नवे होते. हेडची गॅस्केट शाबूत होती. एकेक शक्यता बाद होत गेली आणि बुधवार उजाडला.

सकाळी मामांच्या घरी त्यांची बायको गोजरबाई चुलीवर भाकरी टाकत होत्या. त्यांनी तव्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. मामा बघत राहिले.

"भाकरी खायची का तवा खायचा?" गोजरबाई म्हणाल्या.

"थेंब लवकर उडाला की काय समजायचं?"

"तिथं तवा जास्त तापला. एवढं बी कळंना का आता?"

मामा भाकरी फडक्यात बांधून मळ्यात गेले. इंजिन वीस मिनिटे चालू ठेवले, मग बंद केले आणि ब्लॉकच्या कडेने पुढून मागे बोटांनी पाणी शिंपडत गेले. पहिल्या सिलिंडरपाशी थेंब ओघळला. दुसऱ्यापाशीही. तिसऱ्यापाशी चुरचुरला. चौथ्यापाशी थेंब टेकला आणि नाहीसा झाला. त्यांनी पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच.

चौथ्या सिलिंडरभोवती पाणी पोचत नव्हते.

ब्लॉकच्या कडेला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात. त्यांच्या आड सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी असते. इंजिन बांधताना मामांनी त्या उघडल्या नव्हत्या. कारखान्यातला दुसरा नियम त्यांना नडला होता. गळत नाही त्याला हात लावायचा नाही. टोप्या कोरड्या होत्या, म्हणून सोडल्या.

"चूक आपली," मामा मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हते.

इंजिन निवल्यावर शेवटची टोपी पाचर मारून काढली. पाण्याची धार यायला हवी होती, आला ओला गाळ. सायकलची तार वाकवून त्यांनी तो खरवडायला सुरुवात केली. वर काळी माती, खाली लालसर गंज, आणि त्याखाली चमकणारी वाळू. वाळूत नखाएवढा शिंपलीचा तुकडा सापडला. तो बोटांवर घेऊन मामांनी उलटसुलट करून पाहिला. विहिरीच्या पाण्यात माती येते, क्षार येतो. शिंपली कुठून आली?

गाळ ताटलीत घेऊन ते ओसरीवर गेले. तिथे आदिनाथची आई सरजाबाई तूर निवडत होत्या.

"वहिनी, ही गाडी कधी नदीत बुडाली होती का?"

"गाडी न्हाई." सरजाबाईंनी वाळू चिमटीत घेतली. "इंजिन बुडाल्यासारखंच होतं म्हना. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ह्यांनी गाडीचं इंजिन काढलं अन् गंगेच्या डोहावर नेऊन पंपाला जोडलं. राकेलवर चालायचं. नदीचं पानी एका नळीनं आत, दुसऱ्या नळीनं बाहीर. दोन उन्हाळे चाललं. तेवढाच एक ऊस गावात हिरवा होता."

"मग परत गाडीत बसवलं?"

"बसवलं की. पन तवापासून तापायलीच. माझ्या माहेराला निघालं की वाटंत वाफ. शेवटी वैतागून ह्यांनी गोठ्यात लावून टाकली. इंजिन म्हातारं झालं म्हनले."

"म्हातारं न्हवतं झालं, वहिनी. पोटात अर्धी गंगा घिऊन बसलं होतं."

सरजाबाई खो खो हसल्या. "अन् मी आपली माझ्या माहेरच्या वाटेला दोष देत बसले!"

बुधवारची दुपार आणि गुरुवार मामांनी सगळ्या टोप्या काढून आतून गाळ खरवडला. पाइप लावून पाणी सोडले. निवळ पाणी आल्यावर आदिनाथ म्हणाला, "झालं वाटतं." मामांनी तार पुन्हा आत घातली. आणखी मूठभर वाळू निघाली. शुक्रवारी नव्या टोप्या ठोकल्या आणि बोअरच्या पाण्याऐवजी जारचे पाणी आणि कूलंट भरले.

"उद्या सकाळी सहाला निघू, थंडाव्याला," आदिनाथ म्हणाला.

"थंडाव्यात चालली तर काय कळंल? बाराला निघायचं."

"डोकं फिरलंय का, मामा? त्रेचाळीस डिगरी हाय."

"म्हनूनच."

शनिवारी बाराला गाडी निघाली. सरजाबाई मागच्या सीटवर ओल्या फडक्यात तांब्या गुंडाळून बसल्या होत्या. सोळा झाले, सतरा झाले. काटा मध्यावर होता. पुढे रेल्वेचे फाटक लागले आणि नेमके ते बंद झाले.

आदिनाथने किल्लीला हात घातला.

"बंद करू नको," मामा म्हणाले.

"उभ्या गाडीला वारा लागत न्हाई, मामा. तापंल."

"किती तापतीय ते तर बघायचंय."

काटा हलला. मध्य सोडून वर सरकला. मालगाडी यायची होती, ती येईना. काटा लाल रेघेच्या बोटभर अलीकडे आला. आदिनाथचा फोन वाजला, डिझेल इंजिनवाल्याचा. त्याने तो मांडीवर वाजू दिला. मामा पुढे वाकले होते, त्यांचे नाक काचेला टेकायचेच बाकी होते. काटा थांबला. मालगाडी धडधडत गेली, फाटक उघडले, तरी तो तिथेच होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली आणि काटा हळूहळू मध्यावर उतरला.

आदिनाथने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. "ते इंजिन दुसऱ्याला देऊन टाका. न्हाई, आमचंच चालायलंय." फोन खिशात टाकून त्याने मोठा श्वास घेतला. "चला मामा, झाली खातरजमा. आता घराकडं फिरवू का?"

"खातरजमा कशाची?" मामा म्हणाले. "परभनी अजून बावीस किलोमीटर हाय. चल."