ऊन न पाहिलेली रेणू

"बाई, हिले कधी ऊन दाखवलं का नाई?"

चंद्रपूरच्या दवाखान्यात रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्या दोन वर्षांच्या रेणूच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. हा तिचा तिसरा न्यूमोनिया, म्हणजे जंतूंमुळे फुप्फुसाला आलेली सूज. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाजूच्या खाटांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्या तापणाऱ्या जिल्ह्यात पोरीला ऊन मिळत नाही!

"नाई दाखवलं," मी म्हटलं. "बिबट घेऊन गेला असता."

हसणं थांबलं.

आमचं गाव चिमूरकडे, जंगलाला लागून. रेणू तान्ही असताना शेजारच्या पोराला बिबट्यानं भरदिवसा अंगणातून उचललं. नंतर सापडलेली चड्डी मीच ओळखली. त्या दिवसापासून रेणू उंबऱ्याबाहेर गेली नाही. खिडकीला मी पत्रा ठोकला. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी पांढरी पडून राह्यली." पडू दे म्हटलं, जिवंत तर आहे.

डॉक्टरांनी समजावलं. अंगावर ऊन पडलं की कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं. ते कमी पडलं की हाडं वाकतात, त्याला रिकेट्स म्हणजे मुडदूस म्हणतात. रेणूचे पाय तसेच वाकले होते. शिवाय इम्यून सिस्टिमला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या शरीरातल्या यंत्रणेलाही ते लागतं.

"न्यूमोनिया जंतूनंच झाला, बाई. पन हिच्या अंगात लढाले जोरच नाई," ते म्हणाले. व्हिटॅमिन डीचं औषध ते मापून देणार होते. मनानं जास्त पाजू नका, असं त्यांनी बजावलं.

दोन दिवस रेणूनं बोटसुद्धा हलवलं नाही. सुई टोचली तरी रडली नाही. सुई टोचल्यावर न रडणारं लेकरू देवानं कुणाला दाखवू नये.

ती वाचली. आता मी रोज काठी घेऊन, भिंतीला पाठ लावून अंगणात उन्हात बसते. मांडीवर रेणू किंचाळते, "बिबत! बिबत!" बाहेर काय असतं, ते तिला मीच शिकवलंय.

लोक म्हणतात, तुझं चुकलं. मी तसं नाही म्हणणार. त्यांनी ती चड्डी पाहिली नव्हती. पण तुम्हीही भीतीनं लेकराला कोंडलं असेल, तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा.

काल सुटायच्या धडपडीत रेणू माझ्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. पोरीत एवढा जोर आलाय. डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. मी हात तिच्या तोंडात तसाच राहू दिला, आणि तिला उन्हातून हलू दिलं नाही.