वर्णन सांगा, सामान न्या

कामशेतला बाजीराव ओव्हाळांच्या घरात मागच्या अंगाला एक खोली आहे. दारावर निळ्या रंगात, सुबक अक्षरांत पाटी आहे: 'अभ्यासिका'. घर बांधलं तेव्हा बाजीरावांनी पाटी आधी रंगवून घेतली आणि दार मागाहून बसवलं. त्या खोलीत कोणी अभ्यास केल्याचं मात्र आजतागायत कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांची मुलगी मानसी दहावीला होती तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून अभ्यास करायची. कारण अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तसं बोललेलं बाजीरावांना खपत नव्हतं.

खोलीत सामान होतं. त्याला अडगळ म्हणायची सोय नव्हती, कारण प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती: काय, कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, कुणाचं. ही खोड नोकरीची. लोणावळा स्टेशनात बाजीरावांनी छत्तीस वर्षं काढली, ती बहुतेक सगळी गाडीत विसरलेल्या सामानाच्या खोलीत. छत्र्या, डबे, चपलेचा एकच पाय, एकदा तर आख्खा तबला. त्यातली काडीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. घरी आणली ती फक्त चिठ्ठ्या बांधायची सवय.

सामान मागायला माणूस आला की ते आधी वस्तू दाखवायचे नाहीत. "वर्णन सांगा, सामान न्या," म्हणायचे. एकदा एक नवरदेव खंडाळा बघायला आला आणि बायकोची पर्स गाडीत विसरून बसला. रंग विचारला तर गप्प, आत काय होतं विचारलं तर गप्प. बाजीरावांनी त्याला परत पाठवून बायकोला आणायला लावलं. "सोताच्या बायकोची पर्स, आन् गड्याला रंग ठावं न्हाई!" हे सांगून ते पुढं वर्षभर हसत होते.

आणखी एक गोष्ट. 'हरवलं' हा शब्द त्यांना चालायचा नाही. त्यांच्या हिशेबी वस्तू हरवत नाही, माणूस विसरतो. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तेच सांगितलं की, ओव्हाळांच्या हातून एक रुमाल कधी हरवला नाही. त्या वाक्यावर बाजीराव पुढची तीन वर्षं जगले.

असं सगळं छान चाललं होतं. मग एप्रिल आला. जयंतीला विहारात बाजीरावांचं भाषण दर वर्षी ठरलेलं, आणि विषयही ठरलेला: स्त्रियांचं शिक्षण. हात वर करून, बोट नाचवून त्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं. दुसऱ्या ओळीत त्यांच्या पत्नी शालनबाई बसल्या होत्या. वय पंचावन्न, शिक्षण नववी. नववीतच लग्न झालं होतं, अर्थात बाजीरावांशी. घरी आल्यावर त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "भाषण तुमी केलं. आता फॉर्म मी भरते."

"कसला फॉर्म?"

"सतरा नंबर. भाइरून धावी."

बाजीरावांनी टाळी वाजवून कौतुक केलं. कौतुकाला खर्च नसतो. शालनबाईंनी पुस्तकं आणली आणि पिठाच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास सुरू केला. पावसाळाभर त्या भाकरी थापायच्या तेव्हा इतिहास पुटपुटायच्या आणि डाळीला फोडणी घालताना समीकरणं. भूमितीच्या वहीवर हळदीचे ठसे उमटले. पलीकडं अभ्यासिकेत चिक्कीचे एकशे बारा रिकामे खोके ऐसपैस पसरले होते. ही गंमत घरात सगळ्यांना दिसत होती, पाटी रंगवणाऱ्याला सोडून.

पावसाळा सरत आला आणि फॉर्म भरायची तारीख आली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा होता. शनिवार शेवटचा दिवस.

"माजा दाखला काडा," शालनबाई म्हणाल्या. "लगीन झालं तवा बापानं तुमच्या हातात दिलता. म्हनला व्हता, जपून ठेवा, पोरीला लागंल."

"हाय की. जपूनच ठेवलाय," बाजीराव म्हणाले, आणि अभ्यासिकेच्या दारातून खोके मोजायला लागले.

शाळेतून दुसरी प्रत मिळाली असती. पण त्यासाठी आधी 'मूळ दाखला हरवला आहे' असं सहीनिशी लिहून द्यायचं होतं. आणि दाखला होता बाजीरावांच्या ताब्यात, म्हणजे लिहायचं बाजीरावांनी. ते म्हणाले, "खोली उपसतो, पण त्यो शब्द लिवनार न्हाई."

मंगळवारी मानसी पुण्याहून रजा काढून आली. बारकूचा टेम्पो दारात लागला. बारकू पवनेकडच्या वाडीवरचा, भात वाहायचं काम करणारा, सध्या मोकळा. बाजीरावांना वाटलं, चार खोके हलवले की दाखला सापडेल आणि चारही परत जागच्या जागी ठेवता येतील. पण शालनबाईंनी दारात पाट टाकला आणि त्यावर ठाण मांडून बसल्या.

"नियम तुमचाच," त्या म्हणाल्या. "आधी मानसी खोकं बगंल, दाखला हाय का. मंग चिट्टी मी मुठीत धरनार. आत काय हाय त्याचं वर्णन सांगा आन् ठिवा. न्हाई सांगता आलं, तर टेम्पो."

स्वतःच्याच नियमाला काय म्हणून नाही म्हणणार?

पहिल्या खोक्याला बाजीराव छातीठोकपणे म्हणाले, "किल्ल्या." निघाली पेनांची टोपणं. दुसऱ्याला म्हणाले, "टोपणं." निघाल्या किल्ल्या, आणि कुलूप घरात एकाचंही नव्हतं. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून बराच वेळ घेतला आणि "महत्त्वाचं काहीतरी" असं सांगितलं. हे वर्णन धरलं गेलं नाही. लग्नपत्रिकांचा गठ्ठा गेला. त्यातल्या काही नवरदेवांना आता नातवंडं होती. बंद पडलेला रेडिओ गेला. "दुरुस्त व्हतोय त्यो," बाजीराव म्हणाले. "वीस वर्षं व्हतोयच," शालनबाई म्हणाल्या.

मानसीचा हात मोडला होता तेव्हाचं प्लॅस्टर निघालं. मैत्रिणींच्या सह्यांसकट. बाजीरावांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा, टाका ते. वास येतोय," मानसी म्हणाली.

"तुझा हात होता यात."

"हात माझ्याकडं आहे ना बाबा!" तिनं हात हलवून दाखवला. बाजीरावांनी प्लॅस्टर टेम्पोत ठेवलं, पण टाकलं नाही, निजवलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. ज्या वस्तूसाठी आपण इतकी वर्षं जागा अडवली ती जिची, तिलाच नको असते, हे त्यांच्या खात्यात कधी घडलं नव्हतं. तिकडं माणसं रडत यायची सामानासाठी.

एका गाठोड्यापाशी मात्र ते अडखळले नाहीत. शालनबाईंनी चिठ्ठी मुठीत धरायच्या आत म्हणाले, "आबांचा डबा. पितळी. उजव्या बाजूला पोचा हाय, रुळावर पडलेला. झाकनाच्या आत खिळ्यानं नाव कोरलंय, त्यातली वेलांटी ऱ्हस्व काडलीय." बाजीरावांचे वडील रेल्वेत गँगमन होते. गाठोडं सोडलं, सगळं तसंच होतं. शालनबाईंनी पदरानं डबा पुसला आणि स्वयंपाकघरात फळीवर नेऊन ठेवला. त्यावर कुणी चेष्टा केली नाही.

गुरुवारपर्यंत टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. फरशीचा रंग हिरवा आहे हे मानसीला पहिल्यांदा कळलं. खिडकी उघडली, आणि तिच्यातून चक्क डोंगर दिसला. दाखला तेवढा दिसला नाही. बाजीराव चिठ्ठ्या वाचून वाचून दमले. 'शालन' नावाची एकही नव्हती.

शुक्रवारी दुपारी शालनबाई कागद-पेन घेऊन आल्या. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "लिवा आता. उद्या शेवटचा दिवस हाय. न्हाई झालं तर न्हाई झालं, फुडच्या साली बगू." हे 'पुढच्या साली' त्यांच्या तोंडून बाजीरावांनी अनेकदा ऐकलं होतं, अर्थ कळला तो त्या दिवशी. त्यांनी खाली मान घालून लिहायला घेतलं: 'माझ्या पत्नीचा मूळ दाखला माझ्या हातून' आणि पेन तिथंच थांबलं. शालनबाई भाकरी टाकायला निघून गेल्या.

शब्द टाळायचा म्हणून बाजीराव उठले आणि माळ्यावरचं शेवटचं पुडकं त्यांनी खाली ओढलं. खाकी कागद, वर सुतळीची घट्ट गाठ, आणि चिठ्ठी. अक्षर त्यांचंच, पण तरुणपणातलं, फराटेदार. त्यांनी वाचलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. सहा महिन्यांची नवी नोकरी होती तेव्हाची तारीख. काय, तर नुसतं 'कागद'. नाव परकं. म्हणजे कुणा प्रवाशाचं सामान आपल्या घरात? एकोणचाळीस वर्षं? साहेबांचं ते वाक्य त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मानसी!" ते दारात येऊन ओरडले. "हे काय भलतंच! हिरा सीताराम साळवे, कुरवंडे. कोण ही हिरा? हिचं सामान माझ्याकडं कसं राहिलं?"

मानसी टेम्पोपाशी बारकूशी बोलत होती, ती बोलायची थांबली. बारकू कुरवंड्याला कितीदा भात घेऊन गेलेला, तो मदतीला धावला, "भाऊ, साळवे हायती की तितं. इचारू का फोन करून?" मानसीनं त्याला हातानं गप्प केलं. आत भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

शालनबाई दारात आल्या. हाताला पीठ तसंच.

"मी," त्या म्हणाल्या.

बाजीरावांना समजायला थोडा वेळ लागला. लग्नात त्यांच्याच आईनं सुनेचं नाव बदललं होतं. हिरा नावाची एक मावशी घरात आधीच होती, दोन हिरा कशाला, म्हणून शालन. संध्याकाळपर्यंत सगळे शालन म्हणायला लागले, आणि ते आजवर म्हणत होते. मंगळवारपासून बाजीराव 'शालन' शोधत होते. जिच्या नावाचा दाखला, ती शालन नव्हतीच.

त्यांनी सवयीनं सुतळीला हात घातला, पण शालनबाई म्हणाल्या, "थांबा. वर्णन सांगते." आणि भिंतीला टेकून, डोळे न मिटता, त्यांनी सांगितलं. "हिरा सीताराम साळवे. कोपऱ्यात शाईचा डाग हाय. अभ्यासातली प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचं कारण, लगीन."

बाजीरावांनी दाखला उलगडला. डाग होता. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. कारणाच्या रकान्यात 'विवाह' लिहिलं होतं. तेवढ्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. तो विवाह म्हणजे आपण, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांना लाज वाटली. पर्सचा रंग न सांगता आलेला तो नवरदेवही आठवला. निदान तो दुसऱ्या दिवशीच बायकोला घेऊन आला होता.

चिठ्ठीच्या तळाशी त्यांनीच लिहिलेलं होतं: 'मागितल्यास देणे.'

"मागितला न्हाई कदी तू," ते हळूच म्हणाले.

"मागितलता. मानसी पयलीला गेली तवा. मंग ती धावी झाली तवा. तुमी म्हनला, हाय जपून."

बाजीरावांनी दाखला दिला. सामान मिळाल्याची सही घ्यायची रीत, म्हणून त्यांनी चिठ्ठी आणि पेन पुढं केलं. शालनबाईंनी हात पदराला पुसले आणि सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: हिरा. शनिवारी फॉर्म त्याच नावानं भरला गेला, कारण दाखल्यावरचं नाव तेच.

रविवारी सकाळी अभ्यासिकेचं दार लोटलेलं होतं. आत खिडकीशी टेबल, टेबलावर भूमितीची वही, आणि पिठाचा डबा स्वयंपाकघरात आपल्या जागी परत गेलेला. बाजीराव बाहेर घुटमळत होते. त्यांच्या पाठीमागच्या हातात चिक्कीचा एक खोका होता, बारकूची नजर चुकवून टेम्पोतून परत काढलेला. त्यांनी दारावर टकटक केली.

"शालन, आत येऊ?"

आतून उत्तर नाही. पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी उत्तर नाही. बाजीरावांनी वरच्या पाटीकडं बघितलं, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला त्या नावानं हाक मारली.

"हिरा, आत येऊ?"

"या," आतून आवाज आला. "पन मागं लपवलेल्या हातात काय हाय, त्याचं आदी वर्णन सांगा."