ठकूबाईची सीट

बायको परक्या पुरुषाशी हसून बोलली म्हणून जळणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. बायको यंत्रावर बसते म्हणून जळणारा एकच पाहिला, तो आमचा चांगू. सवतीमत्सर बायकांनाच असतो म्हणणाऱ्याने वर्षभर माझ्या टपरीवर येऊन बसायला हवं होतं.

पोलादपूर सोडलं की कशेडी घाट चढायच्या आधी महाडच्या शरदशेठचं लग्नाचं लॉन लागतं. त्याच्या फाटकासमोरच माझी चहाची टपरी, म्हणून तिथलं सगळं मला दिसतं, नको ते सुद्धा. लॉनवरचं गवत पूर्वी चांगू विळ्याने कापायचा. उकिडवा बसून सरकत सरकत असं सारखं कापायचा, की वर चटई अंथरावी. त्याच्या हाताला तोड नव्हती हे खरं, आणि तो ते रोज ऐकवायचा हेही खरं. त्याची बायको ठकूबाई मागून गवत गोळा करून पाटीने गोठ्याकडे न्यायची.

मागच्या वर्षी शेठनी बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आणलं. लाल रंगाचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं, पोटाखाली फिरणारी पाती. शेठ चांगूला म्हणाले, बस. चांगूने नाक मुरडलं. असल्या पोरखेळावर आपण बसणार नाही, असं त्याने चार माणसांत सांगून टाकलं. त्याला वाटलं, शेठ आर्जवं करतील. शेठच्या पत्नी चारुशीलावहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ठकूबाईला विचारलं, "तू बसतेस का गं?" ठकूबाईने पदर खोचला आणि बसली. आठवड्याभरात तिचा हात असा बसला की वळणावर एक पट्टा सुटेना.

आता ती पुढे आणि चांगू मागून पाटी घेऊन. तिथून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. लग्नाला आलेले पाहुणे ठकूबाईचे फोटो काढत. मुंबईला असलेल्या चांगूच्या पुतणीने, सेजलने, ठकूबाईचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला, तर दासगावची माणसं मुद्दाम बघायला आली. त्यांचा चहा माझ्याकडूनच गेला. चांगू पाठ करून बसलेला असायचा, पण कान तिकडेच. म्हणायचा, "जमीन सपाट हाय म्हनून. कोन पन चालवील." मी म्हणालो, मग तूच चालव की, शेठ काय नाही म्हणतात? तर तो अर्धा कप तसाच ठेवून उठून गेला. मागायचं कसं? आपलीच थुंकी आपण कशी चाटायची?

संध्याकाळी यंत्रावर ताडपत्री घालायचं काम मात्र त्याने कुणाला दिलं नाही. सीटवरची धूळ तो हाताने पुसायचा. बसला कधीच नाही.

यंदा खंडेनवमीला त्याने डाव साधला. हत्यारांची पूजा घरच्या पुरुषाने करायची असते, असं म्हणत त्याने सकाळपासून यंत्र ताब्यात घेतलं. धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आणि सीटवर लाल कापड अंथरून गावदेवीची तसबीर आणि नारळ मांडला. आमच्याकडे पुजलेली गाडी दसऱ्याला आधी चालू करतात, आवाज झाला की नारळ फोडतात, मग चाकाखाली लिंबू ठेवून पुढे काढतात. तो बायकोला म्हणाला, "नारळ फुटंपरयंत हिच्यावर कोनी बसायचा नाय." यात भक्ती किती आणि खार किती, ते देवीलाच ठाऊक.

दसऱ्याला संध्याकाळी लॉनवर साखरपुडा होता आणि गवत घोट्याच्या वर गेलं होतं. ठकूबाईने तसबिरीला नमस्कार केला, बाजूला उभी राहून चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टक नाही की टुक नाही.

मग जो तमाशा झाला तो मी टपरी सोडून पाहिला. पेट्रोल पाहिलं, टाकी भरलेली. बॅटरीच्या टोकांना राख चोळली. शेठनी आपली मोटार जवळ आणून तिच्या बॅटरीला वायरी जोडल्या. कुणीतरी प्लग काढून घासला. जे यंत्र हूं का चूं करत नाही त्याचा प्लग घासून काय होणार, पण हात रिकामे कसे ठेवायचे? महाडचा मेकॅनिक विनीत स्वतःच्या गॅरेजच्या पूजेत अडकलेला, फोन उचलेना. आणि हे सगळं चाललं होतं ते सीटवरच्या देवीला धक्का न लावता, अंग चोरून.

चांगूचा चेहरा फुलत चालला होता. शेवटी तो बोललाच, "देवीला बाईमानूस बसलेला रुचला नसंल."

शेठ वैतागले होते. म्हणाले, दसरा झाला की हे धूड विकून टाकतो, चांगू, तू आपला विळाच घे. ठकूबाई पदराने यंत्राचं बॉनेट पुसत राहिली, कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवावा तसं. मला तेव्हा चांगूच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

तेवढ्यात विनीतचा फोन आला. यंत्र चावीला दाद देत नाही म्हटल्यावर त्याने पहिलंच विचारलं, सीटवर कोण बसलंय? शेठ म्हणाले, देवी. विनीत एवढा हसला की आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. या यंत्राच्या सीटखाली बटण असतं, माणसाचं वजन पडल्याशिवाय ते दबत नाही, आणि ते दबल्याशिवाय चावी काही करत नाही. तसबीर आणि नारळाचं वजन त्याला कुठलं पुरायला? एरवी ठकूबाई आधी बसून मगच चावी फिरवायची, म्हणून हे कुणाला कधी कळलंच नव्हतं.

तसबीर चांगूनेच उचलून चौरंगावर ठेवली, मान खाली घालून. सगळे ठकूबाईकडे बघत होते. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमीच बसा. पूजा तुमी केली."

तो बसला. "डावा पाय दाबून धरा. आता चावी," ती म्हणाली. यंत्र धडधडायला लागलं. शेठनी नारळ फोडला, लिंबू चिरडलं आणि चांगू गवतात शिरला.

पट्टे वाकडे जात होते, कारण त्याचं लक्ष गवतात नव्हतंच. प्रत्येक वळणावर तो मान वळवून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. वर्षभर त्याने जे सोसलं ते आता तिच्या तोंडावर त्याला बघायचं होतं. ठकूबाई पाटी भरता भरता थांबली आणि चारुशीलावहिनींना म्हणाली, "बगा वयनी, आमचा मानूस कसा बसलाय. शोभतो ना?"

हे त्याला ऐकू गेलं असावं. निम्मं लॉन व्हायच्या आतच तो उतरला, पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि माझ्या बाकावर येऊन बसला. मी चहा पुढे केला, त्याने हात लावला नाही. उरलेलं गवत कापायला ठकूबाईने सुरुवात केली होती.

तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तिला जरासुदा वायट वाटला नाय रे. मंग मी वरीसभर कशाला जळलो?"