पायलच्या दारचा नळ

माझी भावजय उल्का कुणाकडे गेली की पाण्याचा पेला आधी नाकाशी नेते. मागे सदर बाजारात सोनाराच्या दुकानात नोकरानं गार पाणी पुढे केलं, तर ही त्याला विचारते, "भैया, टंकी कब धुली थी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर माझा भाऊ जयंत, तिचा नवरा, तिला मुद्दाम 'पाणीवाली बाई' म्हणतो. खरं तर ती रायपूरच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. खेड्यापाड्यांतल्या नळाचं पाणी तपासणं हे तिचं काम. काम कसलं, व्रतच! शेंडी तुटो की पारंबी, नमुना घेईल तर गावातल्या शेवटच्या नळाचाच.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून कधीकधी तिच्याबरोबर गाडीत बसून जाते. अशीच एकदा अभनपूरच्या पुढच्या एका गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशीच सरपंचाचं घर. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, चहा-बिस्किटं तयार. "मॅडम, बॉटल यहीं भर लीजिए," सरपंच म्हणाले. आजवर सगळ्यांनी तिथंच भरली होती आणि कागदावर गावाचं पाणी कायम उत्तम होतं. टाकीखालचं पाणी चांगलं असणारच! उल्कानं चहा घेतला, छान झालाय म्हणाली आणि उठली. "आखरी नल किधर है?"

शेवटचा नळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या पाऱ्यात होता, नत्थूच्या दारात. पारा म्हणजे आपली वस्ती. नत्थूची सून पायल बाहेर आली. पोटुशी होती, दिवस बरेच भरलेले. नळाभोवतीची जागा तिनं पांढऱ्या मातीनं सारवून त्यावर बोटांनी वेलबुट्टी काढली होती. नळ येण्याआधी शेतांपलीकडच्या हातपंपावरून डोक्यावर पाणी आणावं लागायचं. "देखो दीदी, कितना साफ आता है," ती म्हणाली. नळाकडे बघून कुणाच्या तोंडावर इतका आनंद आलेला मी पाहिला नव्हता.

उल्का नळाकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती. पाइप गटारातून आला होता आणि सांध्याशी चिरलेला होता. पंप बंद झाला की रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो, एवढं मलाही आता कळतं. तिनं तपासणीच्या बाटलीत पाणी भरलं. त्या बाटलीत असं औषध असतं, की पाण्यात मैल्यातले जंतू असले तर ते काळं पडतं. दोन दिवसांत ते शाईसारखं काळं झालं.

अहवाल द्यायच्या आधी उल्का ती बाटली घेऊन परत पायलकडे गेली. मीही होते. पायलनं बाटली उलटसुलट करून पाहिली.

"दीदी, ख़राब मत लिखना. नल काट देंगे."

"काटेंगे नहीं, सुधारेंगे. तब तक उबालकर पियो."

"इतनी लकड़ी कौन लाएगा? उधर के पारा में 'ये पानी मत पियो' बोलके हैंडपंप को लाल रंग पोत के गए, फिर कोई आया क्या?"

परतताना मी उल्काला म्हटलं, "बाळंतपण होऊ दे ना तिचं. मग लिही."

"ताई, बाळ झाल्यावर त्याले तेच पाणी पाजतील. मले दिसून राहिलं, अन् मी काहून थांबू?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढं कसलं कोरडं काळीज, असं वाटलं. तिनं 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. पाइप बदला, तोवर टँकर पाठवा, असंही लिहिलं.

आजार हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे; दुखतंय रेड्याला आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या कातडी पिशवीला. पाइप बदलायला वेळ लागणार होता, म्हणून वरच्यांनी शेवटचा तुकडा तोडून टाकला. नळ नाही, तर खराब नमुनाही नाही. उरलेले सगळे नळ पास झाले, गाव शुद्ध ठरलं, सरपंचांचा त्यांच्याच अंगणात सत्कार झाला. टँकर काही दिवस आला, मग यायचा बंद झाला. उल्कानं ऑफिसं पालथी घातली. "मॅडम, अब तो एक भी सैंपल फेल नहीं है, शिकायत किस बात की?" हे उत्तर ऐकून ती घरी आली आणि जेवली नाही. त्या दिवशी माझा राग गेला.

पायल पुन्हा हातपंपावर जाऊ लागली. एकदा डोक्यावरच्या पाण्याच्या गुंडीसकट बांधावरून घसरली. पोटातलं बाळ वाचलं, पण उजवं मनगट मोडलं. गावातल्याच कुणी ते बसवलं, आणि ते वाकडंच जुळलं.

उल्का लिहीत राहिली, भांडत राहिली. शेवटी नवा पाइप पडला, गटारापासून दूर. आम्ही गेलो तेव्हा पायलची पोट्टी भिंतीला धरून उभी राहत होती. या खेपेचं, दोन दिवसांपूर्वी भरून नेलेलं पाणी बाटलीत स्वच्छ राहिलं होतं. उल्कानं बाटली तिच्यापुढे धरली. "देख पायल, अब बच्ची को कुछ नहीं होगा."

पायलनं आपला हात पुढे केला. "हाथ तो दिखता है, दीदी. वो बीमारी किसी ने देखी क्या?"

ती चिडून बोलली नव्हती, खरंच विचारत होती. उल्का बरोबर होती, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. पण जे झालंच नाही ते पायलला कसं दाखवणार? उल्का नुसतं "हव, नहीं देखी," म्हणाली.

पोरीला तहान लागली होती. पायलनं नळ सोडून ओंजळ धरली, पण वाकड्या हातात पाणी ठरेना, सगळं गळून जाई. उल्का पटकन पुढे झाली, तिनं आपली ओंजळ भरली आणि पोरीसमोर वाकली.

पायलनं पोरीला आपल्याजवळ ओढून घेतलं.