ठरवून पडणारा पैलवान

कुस्ती सोडलेली माणसं नुसती दुखणी सांगत बसतात. माझी अजून सुटलेली नाही, त्यामुळे माझ्याकडे दुखणीही आहेत आणि किस्सेही. दुखण्यावर गरम तेल चोळलं की ते उतरतं. किस्से मात्र चोळावेत तेवढे वाढतात! चहाच्या गाड्यावर चौघं जमली की कुणीतरी म्हणतंच, "वाघोबा, हुंद्या की एखादा!" मग माझा चहा गार होतो आणि त्यांचा दुसरा कप येतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी सुनील, राहणार उचगाव. दिवसा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी 'पन्हाळ्याचा ढाण्या वाघ'. टीव्हीवर दोऱ्यांच्या रिंगमध्ये ती उड्या मारायची, खुर्च्या हाणायची कुस्ती दाखवतात ना? तीच आम्ही जत्रांत आणि उरुसांत करतो. आमचे प्रमोटर बंडूशेठ. त्यांचा मूळ धंदा मंडप डेकोरेशनचा, त्यामुळे आमची रिंग लग्नाच्या स्टेजच्या फळ्यांवर उभी राहते. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं आणि बारा वर्षं तो मी नसतो. ढाण्या वाघाचं काम हरायचं!

घरात मात्र खरा पैलवान आहे. माझे वडील, आबा. लाल मातीतले. त्यांनी मला आठव्या वर्षी तालमीत घातलं आणि एकोणिसाव्या वर्षी वस्तादांनी हात जोडून परत पाठवलं. मी बंडूशेठकडे गेलो त्या दिवसापासून आबा या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. कुणी विचारलं तर सांगतात, "पोरगं कंपनीत असतंय." एकही मॅच बघायला आले नाहीत. जग हसलं तर हसू दे, त्यावर तर आमचं पोट आहे. पण आबांनी एकदा यावं, बघावं आणि काहीतरी बोलावं, एवढं एक मला फार वाटायचं.

*

आमचा पहिला शो एका जत्रेत झाला. समोर माझा जोडीदार इम्तियाज. हा आमच्या गावातला टेलर. रिंगमध्ये मुखवटा घालून तो 'कवटी' होतो. त्या दिवशी पंधरा मिनिटांची मॅच ठरली होती, आणि शेवटी चक्क मी जिंकणार होतो.

पहिल्याच मिनिटाला इम्तियाजनं मला ठरल्याप्रमाणे उचलून आपटलं. माझी पाठ टेकली मात्र, अख्खी जत्रा उठून उभी राहिली! "चीत! चीत झाला! कुस्ती निकाली!" हलगी कडाडली. चार जण रिंगमध्ये घुसले, त्यांनी इम्तियाजला खांद्यावर घेतलं. एका म्हाताऱ्यानं तर स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून कवटीच्या मुखवट्यावर बांधला.

बंडूशेठ माईकवर ओरडत होते, "अवो थांबा! ही तसली कुस्ती न्हाय! हितं पाठ टेकल्यावर तीन मोजाय लागत्यात!"

म्हातारा वळून म्हणाला, "तीन कशाला मोजायचं? पाठ एकच हाय न्हवं त्याला?"

तेव्हापासून बंडूशेठनी मला जिंकवायचा नाद सोडला.

*

आमचे कपडे इम्तियाजच शिवतो. वाघाच्या पट्ट्यांचं कापड कोल्हापुरात कुठंच मिळेना, तेव्हा त्यानं एक ब्लँकेट फाडून माझी विजार शिवली. मे महिन्यात ब्लँकेट घालून कुस्ती खेळलेला जगात मी एकटाच असेन.

एका उरुसात मी दोरीवरून उडी मारली आणि मागून टर्रकन आवाज आला. समोर बायाबापड्या बसलेल्या. मी गारठलो. तेवढ्यात इम्तियाजनं मला मागून मिठी मारून खाली दाबलं आणि कानात म्हणाला, "हलू नगंस, शिवण उसवलीया." मुखवट्याच्या आत तो कायम दोन सेफ्टी पिना लावून ठेवतो. त्यानं तोंड खाली घातलं आणि पिना लावायला सुरुवात केली. दुसरी पिन चुकून मांसात गेली. मी जो ओरडलो, तसा खरा अभिनय मला पुन्हा जमलेला नाही!

पब्लिक खवळलं. "चावला! कवटी चावला त्याला!" एका मावशीनं चप्पल फेकली.

दुसऱ्या दिवशी तीच मावशी ब्लाऊज शिवून घ्यायला इम्तियाजच्या दुकानात आली. मुखवट्याशिवाय तिनं त्याला काय ओळखलं नाही. माप देता देता म्हणाली, "काल एक मेला राक्षस बघितला बघा. माणसाला चावत हुता. तुमच्यासारकी गरीब माणसं ऱ्हायली न्हाईत आता."

इम्तियाज म्हणाला, "व्हय मावशी. बाही किती ठेवू?"

*

फाउंड्रीत सुट्टी मागणं हा वेगळाच डाव आहे. एकदा शनिवारची मॅच होती. मी अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं आणि सुपरवायझरसमोर उभा राहिलो. त्याच्या टेबलावर आमचं पोस्टर पसरलेलं होतं, त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'कवटी फाडणार वाघाला!'

त्यानं आधी अर्ज वाचला, मग पोस्टर वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"जिंकाय चालला असतास तर पूर्ण सुट्टी दिली असती," तो म्हणाला. "हरायला हाफ डे बास की!"

*

पन्हाळ्यावर एका हॉटेलवाल्यानं पर्यटकांसाठी आमचा शो ठेवला. ऐन पावसाळा. आम्ही रिंगमध्ये चढलो आणि धुकं उतरलं. असलं दाट, की मला माझाच हात दिसेना. इम्तियाजचा तर पत्ताच नाही. मी त्याला शोधायला गेलो आणि रेफरीला आपटलं.

इम्तियाज कुठूनतरी म्हणाला, "सुन्या, कुणाला दिसालंय हितं? बस खाली." आम्ही दोघं मांडी घालून बसलो. रेफरीही कण्हत शेजारी येऊन बसला. इम्तियाज तळहातानं फळीवर धाडकन मारायचा, मी ओरडायचो, "मेलोऽऽ!" मग मी मारायचो, तो ओरडायचा, "हाडूक मोडलं रंऽऽ!" तिकडून टाळ्या, शिट्ट्या! बारा वर्षांत आम्हाला अशी दाद मिळाली नव्हती. हॉटेलच्या वेटरनं चाचपडत येऊन आम्हाला चहासुद्धा दिला.

मी तोंडातला घोट गिळून "आई गंऽऽ" म्हणून किंचाळलो आणि त्याच क्षणी वारा सुटला. धुकं पडद्यासारखं बाजूला झालं. शंभरएक माणसं आमच्याकडे बघत होती. आमच्या मांड्या घातलेल्या, हातात कप, आणि इम्तियाजचा दुसरा हात फळीवर.

मग मागून एक धीराचा आवाज आला, "पावणं, चालू ठेवा की! ऐकायला लई ब्येस वाटत हुतं!"

*

तरी मी एकदा जिंकलोय बरं का!

लगीनसराई होती. इम्तियाजच्या दुकानात ब्लाऊजांचा ढीग पडलेला, त्यामुळे तो आलाच नाही. बंडूशेठनी थोडा वेळ वाट बघितली आणि माईकवर जाहीर केलं, "कवटीनं माघार घेतल्यामुळं ढाण्या वाघ इजयी!" मी दोन्ही हात वर केले.

एकही टाळी नाही. पुढच्या रांगेतला एक शेतकरी उठला. "शेठ, आमी दोन गावं वलांडून आलोय. वाघ पडतोय ते बघाय आलोय. जितलेला वाघ काय करायचा?"

बंडूशेठनी माईकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मी एकटाच पडलो. एकदा उताणा, एकदा दोरीवरून खाली. वन्स मोअर आला म्हणून आणखी एकदा उताणा.

*

आता शेवटचा.

आबांची शेवटची मोठी कुस्ती आमच्या घरात अजून चालू आहे. तरुणपणी एका मैदानात शेवटची जोड आबांची लागली होती. समोर दुसऱ्या तालमीचा पैलवान, पण आबांचा जिवलग दोस्त. आबा सुरुवातीपासून वरचढ होते. सगळं मैदान सांगत होतं की गदा आबांचीच. आणि ऐन वेळी आबांचा पाय घसरला, पाठ टेकली. त्यानंतर त्यांनी लंगोट खुंटीला टांगला तो कायमचा. ज्यानं त्या दिवशी आखाड्यात पाणी मारलं होतं त्याला आई अजून शिव्या घालते. "मुडद्यानं पाणी जास्त वतलं! न्हायतर गदा हितं भिंतीवर असती!" आबा भाकरी खात ऐकून घेतात.

यंदा बंडूशेठनी आमच्याच गावात शाळेच्या मैदानावर शो लावला. रविवार, दुपारी चारची वेळ. त्या दिवशी कवटीला चॅम्पियनचा पट्टा मिळायचा होता. इम्तियाज पडद्याच्या फटीतून बघत होता. एकदम म्हणाला, "सुन्या, तुझं आबा आल्यात."

मी बघितलं. शाळेच्या भिंतीला टेकून आबा उभे होते, हाताची घडी घालून. बारा वर्षं ज्या माणसाची वाट बघितली तो आला, आणि मी नेहमीसारखाच हरणार! मी बंडूशेठचे पाय धरायचे बाकी ठेवले. "शेठ, आजच्या दिवस मला जिंकू द्या. फकस्त आजच्या दिवस."

"पोस्टरवर पट्टा कवटीच्या कमरंला हाय, सुनील," बंडूशेठ म्हणाले.

"पोस्टरला काय हुतंय शेठ?" इम्तियाज मध्येच म्हणाला. "मी पडतो. ह्याचं आबा रोज कुठं येत्यात?"

शेठ कुरकुरत हो म्हणाले.

मॅच सुरू झाली. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना बडवलं. मग इम्तियाज पुटपुटला, "आता घे. उचल मला." मी त्याच्या कमरेला हात घातला, आणि पुढच्या रांगेत मला त्याची अम्मी दिसली. गुडघ्यानं अधू म्हातारी, पहिल्यांदाच मुलाला बघायला आलेली. तिच्या मांडीवर पेपरात गुंडाळलेला हार होता, आणि ती आत्तापासूनच तो कागदातून सोडवत होती.

इम्तियाजनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी पाय घसरल्यासारखं केलं आणि धाडकन उताणा पडलो. इम्तियाज माझ्यावर वाकून म्हणाला, "आरं, काय करालाईस? उठ की!" मी म्हणालो, "गप. दाब मला." रेफरीनं तीन मोजले. अम्मीनं हार घातला, पट्टा बांधला गेला, हलगी वाजली. मी पडल्या पडल्या भिंतीकडे बघितलं. आबा तिथं नव्हते.

तोंड धुऊन बाहेर आलो, तर आबा माझ्या मोटरसायकलजवळ उभे. मी मान खाली घातली. आता बोलणार, आणि बारा वर्षांचं सगळं एकदम बोलणार.

"चुकलं तुझं," आबा म्हणाले.

"आबा, आमच्यात ते ठरलेलं असतंय," मी म्हणालो.

"त्ये कळतंय मला. पडायच्या आधी तू त्या म्हातारीकडं बघितलंस. तितं चुकलं." त्यांनी माझ्या खांद्याला लागलेली धूळ झटकली. "पडायचं असलं की कुणाकडं बघायचं न्हाय. जोडीदाराच्या डोळ्यात बघायचं आन् पाय आपसूक जाऊ द्यायचा. पडल्यावर बी इकडं तिकडं बघायचं न्हाय. वर आभाळाकडं बघत ऱ्हायाचं. मग कुणाला म्हंजे कुणाला कळत न्हाय."

मी किल्ली हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिलो. आबा मागच्या सीटवर बसले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला बी अजून कळलेलं न्हाय. चल."